आमचे हे आणि त्यांचा गुडघा

आमच्या ह्यांना गिऱ्हाइकाचं बोलणं मनावर घ्यायची सवय आहे. केस कापणाऱ्याला ही सवय परवडत नाही. खुर्चीत बसलेला माणूस सरकार पाडतो, जावयाच्या नावाने बोटं मोडतो, जग कधी बुडणार तेही सांगतो. आपण "हो ना" म्हणायचं आणि कानामागचे केस नीट करायचे. लग्न झाल्यापासून हे मी ह्यांच्या कानीकपाळी ओरडतेय. ऐकतील तर शपथ.

ह्यांचं सलून आणि माझं इस्त्रीचं दुकान एकाला एक लागून. मधल्या भिंतीत एक खिडकी आहे, तिच्यातून मी धुतलेले टॉवेल पलीकडे देते आणि पलीकडचं सगळं मला ऐकू येतं. रोज सकाळी तिथे दोन नग यायचे. एक प्रोफेसर, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. दुसरे डॉक्टर. त्यांचा दवाखाना समोरच, पण पेशंटला ते हमखास सापडायचे ते सलूनमध्ये. दोघांचं वर्षानुवर्षं एकच भांडण. प्रोफेसर म्हणायचे, मन वेगळं आणि शरीर वेगळं, शरीर म्हणजे नुसती भाड्याची खोली. डॉक्टर म्हणायचे, मनबिन काही नसतं, सगळा मेंदूचा कारभार. गालावरचा साबण सुकून जायचा, पण एकही जण माघार घ्यायचा नाही.

त्यात ह्यांचा गुडघा. दिवसभर उभं राहून राहून उजवा गुडघा पार कामातून गेला होता. एकदा हे कात्री हातात असतानाच कळवळले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "झिजलाय तो. दुखणारच."

"पण दुखतोय तो गुडघा," प्रोफेसर म्हणाले. "तुम्ही कशाला दुखून घेता? तुम्ही म्हणजे काय गुडघा आहात का?"

माझ्या हातातली इस्त्री थांबली. खिडकीतून ह्यांचा चेहरा दिसत होता आणि तो पटल्याचा चेहरा होता. म्हटलं, झालं, आता हे काहीतरी करून ठेवणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडते तोच माझ्या स्टुलावरून आवाज आला, "अगं, काय हलकं वाटतंय म्हणून सांगू."

स्टूल रिकामं होतं. आवाज मात्र ह्यांचा. खिडकीतून पाहिलं तर हे पलीकडे एका गिऱ्हाइकाच्या मानेभोवती कापड बांधत होते.

"तुम्ही इथे आहात का तिथे?" मी विचारलं.

"मी इथे. तिथे नुसतं शरीर आहे. करतंय ते त्याचं काम, इतक्या वर्षांची सवय आहे. गुडघा पण तिकडेच राहिला. मला आता काडीचं दुखत नाही."

"अहो, पण तोंड नाही तर बोलताय कशाने?"

हे म्हणाले, प्रोफेसरांना विचार. मी खिडकीतून प्रोफेसरांना विचारलं. ते म्हणाले, हा फार जुना प्रश्न आहे, भल्याभल्यांनी त्यापुढे हात टेकलेत. मग त्यांनी मिशी जराशी बारीक करायला सांगितली.

मला वाटलं, संध्याकाळपर्यंत उतरेल हे खूळ. कसलं काय. संध्याकाळी शरीर घरी आलं, चपला जागेवर ठेवल्या, मुकाट्याने जेवलं आणि स्वतःचं ताट घासलं. ह्यांनी उभ्या जन्मात कधी ताट घासलं नव्हतं. हे स्वतः मागून आले, थेट आरामखुर्चीत बसले आणि जग कसं चालतं ते मला समजावून सांगू लागले. पूर्वी निदान घास गिळायला तरी थांबायचे. आता तीही सोय राहिली नव्हती.

सासूबाईंनी दोन्हीकडे एकदा नीट पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. शरीराच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "मी पोटात वाढवला तो हा. खुर्चीत कोण बडबडतंय ते मला ठाऊक नाही."

"आई, मीच आहे गं," खुर्चीतून आवाज आला.

"असशील बाबा. पण तुझ्या वेळी मला कळा आल्याचं आठवत नाही."

माझी तर बोलायचीही पंचाईत झाली. खुर्चीतल्यांना अहो-जाहो करायचं हे ठरलेलंच. पण ताट घासणाऱ्याला काय म्हणायचं? "अहो" म्हटलं की तो वळूनही बघायचा नाही. एकदा वैतागून "अरे, टॉवेल दे" म्हटलं, तर लगेच दिला. तेव्हापासून मी त्याला अरे-तुरेच करू लागले. त्यावर खुर्चीतून नवऱ्याचा आवाज यायचा, "जरा मानाने बोल, शेवटी माझं शरीर आहे ते."

"तुमचं असेल तर घेऊन बसा की," मी म्हणायची.

सलून मात्र जोरात चालायला लागलं. हात तेच, सफाई तीच, आणि बोलणं शून्य. लोक लांबून यायला लागले. डॉक्टरांनी एक दिवस शरीराला खुर्चीत बसवून छाती तपासली, डोळ्यांत उजेड पाडला, गुडघ्यावर हातोडी मारली आणि म्हणाले, "गुडघा सोडला तर ठणठणीत. काही म्हणजे काही कमी नाही." प्रोफेसर माझ्या दुकानात आले, स्टुलासमोर बसले आणि ह्यांना अवघड अवघड प्रश्न विचारत राहिले. बाहेर पडताना त्यांचा चेहरा उजळलेला. "अगदी पूर्ण आहेत. काहीच कमी नाही."

आपलंच म्हणणं खरं ठरलं म्हणून दोघेही खूश झाले आणि पहिल्यांदाच एकत्र चहाला निघाले. माझं टाळकं सरकलं.

"तिकडे काही कमी नाही, इकडे काही कमी नाही," मी म्हटलं. "मग माझ्या घरातून नवरा गेला कुठे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तसा प्रश्न विचारता येणार नाही," प्रोफेसर म्हणाले, आणि आयुष्यात एकदाच डॉक्टरांनी मान डोलावली.

मला माझा नवरा हवा होता. कुरकुरणारा, घोरणारा, ताट तसंच टाकून उठणारा, पण एक अख्खा. आणि हे परत यायचं नाव काढत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "कुठे येऊ? त्या गुडघ्यात? वेड लागलंय का मला?"

त्याहून वाईट म्हणजे त्यांचं एकेक सुटत चाललं होतं. मी चहा ओतत होते तेव्हा म्हणाले, "चहाला वास असतो, नाही का गं?"

"म्हणजे काय? आठवत नाही तुम्हाला?"

"असतो हे आठवतं. कसा ते नाही."

आज चहाचा वास गेला. उद्या मला म्हणतील, तू माझी बायको आहेस हे आठवतं, कशी ते नाही. त्या विचाराने मी इतकी बिथरले की चादरीवर इस्त्री फिरवता फिरवता बोट खाली गेलं आणि चांगलंच पोळलं.

"भाजलं वाटतं," स्टुलावरून आवाज आला. "नळाखाली धर. फोड आला तर फोडू नकोस."

सल्ला अगदी बरोबर होता. पण आवाज असा, जणू दुसऱ्याच कुणाच्या गल्लीतली बातमी वाचून दाखवतायत. पूर्वी मला सुई टोचली तरी माझ्याआधी हे तोंड वाकडं करायचे.

तेवढ्यात पलीकडे वस्तरा ठेवल्याचा आवाज झाला. प्रोफेसरांना अर्ध्या दाढीवर सोडून शरीर लंगडत माझ्या दुकानात आलं, माझं बोट हातात घेतलं आणि त्यावर हळूहळू फुंकर घालू लागलं. अगदी ह्यांच्यासारखी फुंकर, ओठांचा चंबू करून. मी आशेने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आत कुणी नव्हतं. पोळलेलं बोट दिसलं म्हणून आला, तापलेलं भांडं दिसलं असतं तरी आला असता. मला रडू फुटलं. मला ओळखणारा स्टुलावर बसून होता, आणि फुंकर घालणाऱ्याला मी कोण ते ठाऊक नव्हतं.

"काय करतोय तो?" स्टुलावरून विचारणा झाली.

"फुंकर घालतोय."

"मी सांगितलं नव्हतं त्याला."

"मग काय तुमची परवानगी काढायची होती त्याने?"

मग आवाज आला, "हात सोडायला सांग त्याला."

"का म्हणून?"

"मला बघवत नाही."

"तुम्हाला डोळे नाहीत."

"चेष्टा नको गं. छातीत कसंतरीच होतंय."

"छाती इकडे आहे," मी म्हटलं, आणि बघते तर शरीराचा मोकळा हात खरंच छातीकडे गेला होता. खिडकीतून प्रोफेसर आणि डॉक्टर दोघेही माना लांब करून बघत होते.

मग मी सगळ्यांच्या देखत त्या छातीवर डोकं टेकलं. मुद्दाम. मला राग आला होता आणि रागात मी लाजत नाही. "हाच बरा आहे," मी म्हटलं. "बोलत नाही, ताट घासतो, दुखलं तर धावत येतो. तुम्ही बसा तिथेच, आम्हाला तुमची काही अडचण नाही."

स्टुलावरून हूं की चूं नाही. माझं धाबं दणाणलं. वाटलं, जास्त बोललो आपण, गेले वाटतं हे कायमचे. मी डोकं वर करायलाही घाबरत होते.

तेवढ्यात माझ्या डोक्यावरून आवाज आला, "आई गं. मेलो. हा गुडघा."

मी वर पाहिलं. तोंड वेडंवाकडं झालं होतं, डोळ्यांत पाणी, आणि त्या पाण्यामागे आमचे हे. "बस म्हण की मला," ते म्हणाले, "उभं राहवत नाहीये." मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं सलून खिडकीतून बघत असताना हुंदके देऊन रडले. हे एका हाताने गुडघा धरून आणि दुसऱ्या हातात माझं बोट धरून विव्हळत बसले.

खिडकीत एव्हाना जुंपली होती. डॉक्टर म्हणत होते, छातीने ओढून आणलं, म्हणजे शरीरच खरं. प्रोफेसर म्हणत होते, मत्सराने आणलं, आणि मत्सर हा मनाचा. मी खिडकी लावून घेतली आणि प्रोफेसरांना आतूनच सांगितलं, उरलेली दाढी घरी करा.

आता सगळं पहिल्यासारखं आहे. ताट तसंच पडलेलं असतं. रोज संध्याकाळी मी ह्यांचा गुडघा तेल लावून चोळते आणि हे मला जग कसं चालतं ते सांगतात. मधूनच बोलता बोलता थांबतात, डोळे मिटतात, चेहरा अगदी शांत होतो. कुणालाही वाटेल, बरं वाटतंय ह्यांना. माझा मात्र जीव खालीवर होतो. मग मी अंगठा गुडघ्याच्या वाटीखाली नेते आणि चांगला जोरात दाबते. हे ओरडले की मग पुढे चोळते.