ठिणगीबाईचं औषध

शिशाची जड पेटी गाडीत पट्ट्याने आवळून ठिणगीबाई ड्रायव्हरशेजारी बसली, तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते. पेटीत स्कॅनच्या चित्रात शरीरातली गाठ दाखवणारं किरणोत्सारी औषध होतं; त्या चार थेंबांचा जोर पावणेदोन तासांत निम्म्यावर येणार होता.

"रोज मी एकटाच नेतो की," ड्रायव्हर म्हणाला.

"आजचं माझ्या यंत्रातलं आहे. गाडी तुम्ही चालवा, पेटीवर लक्ष मी ठेवते."

आजवर हॉस्पिटलला औषध जायचं ते संशोधन संस्थेच्या अजस्र यंत्रातून. ते दुरुस्तीसाठी उघडून पडलं होतं. तिचं यंत्र जेमतेम टेबलाएवढं. आतल्या वायूला विजेचा जबर झटका दिला की क्षणभर तो प्लाझ्मा होऊन, म्हणजे प्रचंड तापून, लखलखायचा आणि खोलीभर धडाड् आवाज घुमायचा. अशा हजारो धडाक्यांतून औषधापुरता माल तयार व्हायचा. नऊ वर्षं ती हेच करत आली होती. पेशंटला द्यायची परवानगी मिळाली ती मागच्या महिन्यात.

ठिणगीबाई हे नाव मोठ्या सरांनी ठेवलेलं. संस्थेचे प्रमुख असताना भर सभेत ते म्हणाले होते, "हे फटाके झाले. यातून पेशंटला काय देणार, धूर?" सगळे खो खो हसले. तीही हसली, आणि मग दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

हॉस्पिटलात नर्सने सहीसाठी कागद पुढे केला. पेशंटचं नाव वाचून ठिणगीबाईचं पेन थबकलं.

मोठे सर पलंगावर बसले होते. अंगावर हॉस्पिटलचा ढगळ झगा, चेहऱ्यावर उपाशीपोटीचा राग. शेजारी त्यांच्या पत्नी, काकू.

"ठिणगीबाई? तू कुठे इकडे?"

"औषध घेऊन आले, सर."

"मोठं यंत्र तर बंद आहे."

"हो, सर."

सर पेटीकडे बघत राहिले. काकूंना काही कळेना. त्या एकदा सरांकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागल्या.

"मोठ्या यंत्राच्या औषधासाठी थांबायचं असेल तर पंधरा दिवसांनी तारीख मिळेल," नर्स हळूच म्हणाली.

सरांनी झग्याची बाही कोपरापर्यंत सारली. "टोचा."

ठिणगीबाईला तिथे थांबायचं काही कारण नव्हतं. तरी ती बाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहिली. ड्रायव्हरने दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा तो गार झाला.

आधी बाहेर आल्या त्या काकू, डोळे पुसत आणि हसत. "गाठीचा मागमूस नाही म्हणाले डॉक्टर! फक्त अंगात किरणं आहेत म्हणून संध्याकाळपर्यंत नातीला मांडीवर घ्यायचं नाही. ती रुसेल, तिला मी बघते."

मागून सर आले, शर्टाची बटणं चुकीच्या काजांत अडकवून. तिच्यासमोर उभे राहिले.

"चित्र अगदी स्वच्छ आलंय," ते म्हणाले. "उद्या यंत्र किती वाजता सुरू करता?"

"साडेसातला."

"कानांवर लावायला काही देता ना तिथे?"

"देतो, सर."

"मग एक जास्तीचं काढून ठेव."