माझ्या मानेवर शिकलेला हात

माझ्या लेकीचं, प्रमिलाचं लग्न झालं त्या साली, अठ्ठ्याण्णवला, माझ्या जावेला, सुनंदाला, छातीचा कॅन्सर निघाला. लग्नात माझा मुलगा अभिमन करवल्यांना सोडून तिच्याच मागे पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होता.

अभिमन पाच वर्षांचा असताना मीच त्याला एरंडोलहून धुळ्याला तिच्याकडे शिकायला ठेवला. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. सुनंदाला पोर नव्हतं. तिथे तो तिला आई म्हणू लागला आणि मला, सगळे म्हणत तसं, जिजी.

आता तो धुळ्याच्याच दवाखान्यात सर्जरी शिकत होता. औषधाने सुनंदाच्या हाताच्या शिरा करपून गेल्या होत्या. म्हणून कातडीखाली एक बटणाएवढी डबी बसवायची आणि तिची नळी मानेच्या शिरेत सोडायची ठरलं. तिथे हे काम नवीन होतं. शिकाऊ डॉक्टर सोनोग्राफीच्या मशीनवर सरावासाठी एकमेकांच्या मानेतल्या शिरा बघत बसत.

"जिजी, तू बस ना," अभिमन म्हणाला.

"घाबरू नका, कापत नाही," त्याचा जोडीदार तोताराम हसला. "नुसती बघतो."

अभिमनने माझ्या मानेला गार चिकट औषध लावलं. "ही बघ, दाबली की मिटते ती शीर. ही धडधडते ना, तिला सुई लावायची नाही." किती वर्षांनी त्याचा हात माझ्या गळ्याला लागला होता! मी हललेही नाही.

मग तो तोतारामला म्हणाला, "आईचीही शीर अशीच असू दे रे."

गार औषध मी पदराने खसाखसा पुसलं.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब वॉर्डात सुनंदाच्या खाटेपाशी आले. अभिमनला म्हणाले, "ही तुझी कोण?"

"आई."

"मग तू नाही. आईवर हात थरथरतो. तोताराम करेल."

अभिमनचा चेहरा पडला. मला मात्र ते 'आई' सहन झालं नाही. सगळ्या वॉर्डासमोर मी बोलले, "साहेब, आई मी आहे. नऊ महिने मी वागवला. ही त्याची काकू."

साहेब हसले. "काकू होय? मग करू दे त्यालाच. मी उभा राहतो."

असं मीच त्याला तिच्या हवाली केलं.

काम नीट झालं. बाहेर आल्यावर तो आधी माझ्याकडे येईल असं वाटलं. तो त्याच्या काकाला, गिरधरला, मिठी मारून रडला.

सुनंदा जागीच होती. म्हणाली, "जिजी, तुमना पोऱ्याना हात भलता हलका शे."

'तुमच्या पोराचा' म्हणत माझंच मला देत होती!

त्या डबीतून तिला वर्षभर औषध गेलं. नंतर आजार फुप्फुसात उतरला. अभिमनने तिला अग्नी दिला, डोकं भादरलं, आणि मी जिवंत असताना तो आई गेलेला मुलगा होऊन माझ्यासमोर जेवायला बसला. मी वाढलं.

माझी जाऊ सुनंदाबाई नव्याण्णव साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, धुळ्यात वारली.