तळ्याचं सुतक

प्रेमिलाला जाऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मी स्कूटर काढली आणि देवरीच्या बाजूला निघालो. घर माणसांनी भरलेलं होतं. मुलगी म्हणाली, "पप्पा, बसा ना जरा." मला बसवतच नव्हतं. या खोलीतून त्या खोलीत, तिथून अंगणात, असंच चाललं होतं.

प्रेमिला गोंदियाच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होतो. १९९९ पासून ती देवरीकडच्या एका गावाच्या तलावामागे लागली होती. मरळ मासोळी पावसाच्या सुरुवातीला काठच्या गवतात अंडी घालते. तेव्हाच जाळं टाकलं तर पुढच्या वर्षी मासोळी येणार कुठून, एवढंच तिचं म्हणणं. दरवर्षी ग्रामसभेत ती जाळं बंदीचा ठराव मांडायची आणि दरवर्षी तो पडायचा.

"जंगलात बंदी, लाकडाले बंदी, आता मासोळीले बी बंदी?" मच्छीमारांचे म्होरके सेवकराम दरवर्षी हेच विचारायचे. मग तिला घरी जेवायला न्यायचे आणि अंडी भरलेली मरळच वाढायचे. ती घरी येऊन माझ्यावर चिडायची.

पाऊस नुकताच सुरू झाला होता. त्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर पोचलो तर जाळी कोरडी होती. पाण्यात एकही डोंगा नव्हता. सेवकराम चिंचेखाली बसले होते.

"काय झालं? मासोळी नाही आज?"

"सुतक हाय, भाटवा." भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा. ते मला पहिल्यापासून तेच म्हणत.

"कोणाचं सुतक?"

"असं काऊन इचारता? बाईचं. बहीण म्हनत होतो तिले. तेरवीपर्यंत तळ्यात जाळं नाही."

इतकी वर्षं बोलून जे झालं नाही, ते ती मेल्यावर झालं होतं. परत येताना आनंद व्हायला हवा होता, पण झाला राग. आम्ही बौद्ध. आमच्यात सुतक नाही. आणि प्रेमिलाने तर त्याच गावच्या शाळेत पोरांना शिकवलं होतं की सुतक, विटाळ हे माणसांनी केलेलं आहे, त्यात विज्ञान नाही. सेवकरामांची मुलगी खुशबू जन्मापासून आंधळी. तिच्यासाठी प्रेमिला थाळीत पाणी घेऊन मरळीची अंडी ठेवायची आणि तिचा हात धरून त्यांवरून फिरवायची. तीच खुशबू आता शाळेत लहान पोरांना विज्ञान शिकवते, थाळी घेऊनच.

दोन दिवसांनी घरी आमच्या पद्धतीने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तरी बाराव्या दिवशी मी पुन्हा गावी गेलो. गावाने धरलेली तेरवी दुसऱ्या दिवशी होती. गाव पाळीवर जमलं होतं.

सेवकराम म्हणाले, "उद्या जाळे पडतीन. पन तुमी म्हना त सुतक वाढवतो. तुमी नवरा हाय तिचे."

हो म्हटलं असतं तर अंडी वाचत होती. पण ज्याच्याविरुद्ध ती बोलत आली, तेच तिच्या नावाने पाळलं जाणार होतं. नाही म्हटलं तर उद्या जाळं.

मी पुढे झालो. "ती सुतक मानत नव्हती. तिच्या नावानं पाळू नका. अंडी आहेत म्हणून जाळं थांबवा."

"म्हनजे मंग बंदीच!" मागून कोणीतरी ओरडलं. लोक उठू लागले. शामकलाबाई, गावची म्हातारी सुईण, म्हणाल्या, "नवराच नाही म्हंते. टाका गा उद्या जाळे."

मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात खुशबू बोलली. "बाबा, बाळंतिनीले सव्वा महिना कोनी हात लावते का?"

"नाही. काऊन?"

"मंग मासोळी बाळंतीन हाय ना."

लोक हसले. शामकलाबाई म्हणाल्या, "अवं पोरी, मासोळीले शेक द्याले कोन जाईन? तू?"

"तुमी जा ना, आजी. साऱ्या गावाची बाळंतपनं तुमीच केली. का आता हात थरथरते?"

आता हसणं शामकलाबाईंवर गेलं. त्या उठल्या, पदर खोचला. "माह्या हातची बाळंतीन हाय त सव्वा महिना कोनी जवळ येऊन दाखवा! सेवक, तुह्या बायकोच्या येळी तुले बी दारात उभं केलं होतं ना मी?"

"केलं होतं," सेवकराम म्हणाले.

ग्रामसेवकाने विचारलं, "बंदी लिहू?"

"बंदी नोको लिहू," सेवकराम म्हणाले. "बाळंतपन लिही. दरसाल."

प्रेमिला असती तर लगेच म्हणाली असती, मासोळी बाळंत होत नाही, अंडी घालते. माझ्या तोंडावर आलं होतं ते. मी ते गिळलं.

त्यानंतरही घरात मला करमेना. एक-दोन दिवसांआड स्कूटर काढायचो आणि गवताजवळ जाऊन उभा राहायचो. एकदा मरळीची लाल पिल्लं वर आली होती, पाण्यावर कुंकू सांडल्यासारखी. मी वाकून बघत होतो.

"जवाई!" मागून शामकलाबाईंचा आवाज आला. "बाळंतिनीच्या खोलीत बाप्या मानसं येत नाही. कायले तिथं जाऊन राहिले? घरी जा."

"जातो," म्हणालो. पाळीच्या पलीकडे उतरलो, आणि तिथंच खाली बसलो. बऱ्याच दिवसांनी बसलो होतो.