मऊ उजेडातली दाढ

दातांच्या डॉक्टरांना पन्नाशीत फुलांचे फोटो काढायचा नाद लागला. नवा खर्च करावा लागला नाही. पेशंटच्या दाढा टिपायला दवाखान्यात कॅमेरा होता, जवळचं दाखवणारी लेन्स होती आणि लेन्सभोवती बांगडीसारखा बसणारा फ्लॅशही होता. एका रविवारी ते सगळं घरी आणून त्यांनी बाल्कनीतल्या पांढऱ्या गुलाबावर रोखलं आणि जेवायची वेळ टळेपर्यंत साठेक फोटो काढले.

बायको "छान आहेत" म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. सासूबाई मात्र चष्मा पुसून बसल्या. त्या लेकीकडेच राहत. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. एक टाका वाकडा गेला तरी नजरेतून सुटायचा नाही.

"जावईबापू, ही कुणाची दाढ?"

"आई, गुलाब आहे तो."

"असं होय."

त्यांचं चुकलं नव्हतं. समोरून आदळलेल्या उजेडाने पाकळ्यांच्या घड्या पुसून टाकल्या होत्या. मध्ये पांढराफटक गोळा, मागे काळोख. डॉक्टरांनी फ्लॅश कमी केला, तेव्हा तोच गोळा राखाडी झाला. घड्या काही दिसेनात.

"पांढरं कापड मी कधी भर उन्हात शिवायला घेतलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "टाकाच दिसत नाही. खिडकीशी बसायचं आणि उजेड बाजूने घ्यायचा."

जावयाला हे पटलं, पण पटल्याचं त्यांनी दाखवलं नाही. फ्लॅश काढला. कुंडी खिडकीशी आली. काचेवर सासूबाईंनी मलमलीचा जुना तुकडा टाचला, उन्हाची धार गेली. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरून त्या उभ्या राहिल्या, तशी सावलीतल्या पाकळ्यांनाही जान आली. पाकळी हलू नये म्हणून पंखा बंद केला, कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर ठेवला. तरी फूल पांढरंफटकच येत होतं. मागच्या अंधाराला भुलून कॅमेरा उजेड जास्त घेतोय, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यांनी एक्सपोजर एकेक पायरी खाली आणलं. तिसऱ्या पायरीला पाकळीवरची शीर न् शीर दिसली.

तो फोटो मोठा करून दवाखान्यात बाहेरच्या खोलीत लागला. "कुणी काढला?" असं पेशंट विचारत आणि डॉक्टर "मीच" म्हणत. पुठ्ठा धरणारीचं नाव कधी निघालं नाही.

इकडे सासूबाईंची खालची एक दाढ दोन वर्षांपासून किडत होती. दवाखान्याचं नाव काढलं की त्यांना दुसरं काम आठवायचं. फोटोतली कीड स्वतः पाहिली की तयार होतील, असं जावयाने ठरवलं.

"काढा," त्या म्हणाल्या. "पण तो दिवा नको. गुलाबाचा काढलात तसा काढा."

इथे डॉक्टरांनी नाही म्हणायला हवं होतं. पण हात आता बसलेला होता, आणि एवढं कौतुक ऐकल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहतं? खिडकी, मलमल, पुठ्ठा, सगळं जुळवलं. दाढ मोत्यासारखी आली. कीड होती ती गालाच्या सावलीत विरघळली.

"आईची दाढ माझ्यापेक्षा बरी आहे," बायको म्हणाली.

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "उगीच दोन वर्षं माझ्या मागे लागलात."

डॉक्टरांनी "तसं नाही, आई" असं सुरू केलं खरं, पण नजर फोटोवरच होती. वाक्य अर्धंच राहिलं.

दोन महिन्यांनी सासूबाई गाल धरून आपण होऊन दवाखान्यात आल्या. तोंड एका बाजूने फुगलं होतं. डॉक्टरांनी बांगडीचा फ्लॅश लावला आणि एकच फोटो घेतला. त्यात काही लपलं नव्हतं. सासूबाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि खुर्चीत मागे रेलून तोंड उघडलं. आधी सूज उतरवली, मग चार दिवसांनी दाढ काढावी लागली.

"वेळेवर हात लावला असता तर वाचली असती," घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले.

"मग आता तिला सांगू नकोस."

तरी ते आत गेले आणि सांगितलं. फोटो सुंदर आला म्हणून आपण गप्प बसलो, हेही सांगितलं.

सासूबाईंना कापसाचा बोळा चावून बोलायचं होतं, त्यामुळे शब्द सावकाश आले.

"मी जन्मभर बायकांची पोटं कापडात लपवली. एकीनेही तक्रार केली नाही. खूश होऊनच जायच्या."

"कापडाने पोट दुखत नाही, आई."

"तेही खरंच," त्या म्हणाल्या, आणि गालावर बर्फाची पिशवी दाबून भिंतीकडे तोंड करून झोपल्या.