चेंडूचं जाळं

बायको कमळा गेल्याचं बाळाला कळलं ते सोमवारी दुपारी, हर्णैच्या बंदरावर. बोटीचा तांडेल भागोजी याचं फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन तो बसला होता. भागोजीचा मोबाईल वाजला. तो दोन पावलं लांब जाऊन बोलला आणि परत आला.

"बाळा, सुई ठेव खाली," एवढंच म्हणाला.

बाळाने सुई ठेवली नाही. हातातली गाठ पुरी केली आणि मग विचारलं, "कोण?"

दापोलीहून एस.टी. धरून तो रत्नागिरीला मिरकरवाड्यात घरी पोचला, तेव्हा माणसं त्याच्यासाठीच थांबली होती. कमळा सकाळी पडवीत जाळं विणत होती. छातीत कसंतरी होतंय म्हणाली आणि भिंतीला टेकली, ती टेकलीच. तिच्या मांडीवरचं जाळं कोणीतरी उचलून खुंटीला लावलं होतं. तिची लाकडी सुई त्याला तशीच लोंबत होती, सूत भरलेली.

ते जाळं माशांचं नव्हतं. फुटबॉलचं होतं.

त्याचं असं झालं. दोन घरं पलीकडची राजश्री मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातच्या सप्टेंबरात, चीनमध्ये बायकांच्या फुटबॉलचा वर्ल्डकप होता. सोळा देश. राजश्रीने ठरवलं, आपल्याही मुली खेळतील. चार संघ केले, चिठ्ठ्या टाकून देशांची नावं दिली आणि दर रविवारी सामने ठेवले. सुरूचे खांब पुरले, पण जाळी नव्हती. मग प्रत्येक गोलाला भांडण. एक म्हणे चेंडू खांबाच्या आतून गेला, दुसरी म्हणे बाहेरून.

पावसाळ्यात बोटी बंद होत्या तेव्हाच ती कमळाकडे आली होती.

"काकी, दोन जाळी विणून द्याल?"

"मासा केवढा?" कमळाने विचारलं.

"मासा नाही हो, चेंडू."

"तोच गो. आण बघू हिकडे."

कमळाने चेंडूला दोन्ही हातांनी वेढा घातला, दाबून पाहिला, सुतळीने घेर मोजला. "डोकं आत शिरलं पाहिजे नि अंग अडकलं पाहिजे. चार गाठींच्या मधे त्या मापाचं घर ठेवते."

राजश्री हसायला लागली. "काकी, फुटबॉलच्या जाळ्यात चेंडू अडकत नाही. नुसता थांबतो."

"मग त्याला जाळं कशाला म्हणता? पडदा म्हणा की!"

बाळा शेजारी बसून ऐकत होता. त्यालाही कमळाचंच पटलं. जाळं म्हटलं की त्यात काहीतरी अडकायला हवं.

पहिलं जाळं ऑगस्टात झालं. चिमा नावाच्या सगळ्यात बारक्या पोरीने लांबून लाथ मारली आणि चेंडू जाळ्याच्या घरात जाऊन बांगडा माशासारखा अडकला. हलेना. गोलकीपरने दोन्ही हातांनी ढकलून बाहेर काढला. सगळ्या पोरी किंचाळल्या. भांडणच संपलं. अडकला तर गोल, असा नियम झाला. "दुसरं गणपतीच्या आत देते," कमळा म्हणाली. ती गेली तेव्हा ते निम्मं झालं होतं.

त्या वर्षी सुतकामुळे घरात गणपती आला नाही. तेरावं झालं, लेक विमला मंडणगडला सासरी परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी राजश्री दारात येऊन उभी राहिली.

"काका, येत्या रविवारी फायनल आहे. तिकडचीही आणि आमचीही. आम्ही एका जाळ्यावर भागवू. मी फक्त सांगायला आले."

"कमळाने शब्द दिलाय," बाळा म्हणाला. "होईल."

म्हणाला खरा, पण तिच्या सुईला त्याचा हात लागेना. त्या सुईवरचं सूत कमळाने गुंडाळलेलं होतं. विणायला घेतलं की ते संपणार. चाळीस वर्षं दोघांनी एका पडवीत जाळी विणली, पण कधी एकमेकांची सुई घेतली नव्हती. शेवटी त्याने तिच्या जाळ्यातल्या घराच्या मापाची लाकडी पट्टी कापली, स्वतःची सुई भरली आणि जाळं दुसऱ्या टोकाकडून विणायला घेतलं. शनिवारी संध्याकाळी त्याचं विणकाम तिच्या विणकामाला येऊन भिडलं. मधे एकच ओळ राहिली. ती तिच्याच सुतानं जोडायला हवी होती.

ती त्याने जोडली नाही. तिची सुई तेवढी सोडवून घेतली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि चार ठिकाणी धाग्याने जाळं बांधून टाकलं. लांबून कळत नव्हतं.

"झालं?" राजश्रीने विचारलं.

"झालं."

रविवारी सकाळी ब्राझील आणि अर्जेंटिना समोरासमोर आले. अर्जेंटिना म्हणजे चिमाचा संघ. चीनमध्ये पहिल्याच सामन्यात जर्मनीने अर्जेंटिनाला अकरा गोल घातले, हे पेपरात आल्यापासून पोरी चिमाला नावाने हाक मारतच नव्हत्या. "ए अकरा! पाणी आण गो, अकरा!" आणि तीच अकरा आता फायनलला आली होती.

बाळा नव्या जाळ्याच्या मागे दगडावर बसला होता. एकास एक झालं होतं. दहा मिनिटं उरली असताना चिमा दोघींच्या मधून घुसली आणि तिने चेंडू हाणला. चेंडू बरोबर त्या न विणलेल्या ओळीतून, धागे तोडून, बाळाच्या पायाजवळून मागच्या काजूखाली गेला.

"गोल!"

"कसला गोल? अडकला नाय!" ब्राझीलची अवनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नियम म्हणजे नियम. बाहेरून गेला."

"बाहेरून? मग काका काय बाहेर बसलेत?"

"तू गप ए, अकरा!"

राजश्री मैदानाच्या पलीकडे होती, तिला नीट दिसलं नव्हतं. ती धावत बाळाकडे आली. "काका, तुम्ही मागेच आहात. आतून गेला की बाहेरून?"

बाळाने चिमाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं आणि ती ते पडू देत नव्हती. आपण पाहिलं नाही म्हटलं तर जाळ्याकडे कोणी बघणार नाही, हे त्याला कळत होतं.

"आतून गेला," तो म्हणाला. "जाळं अपुरं आहे. काल मी झालं म्हटलं, ते खोटं. मधली ओळ मी विणलीच नाही."

मग अवनी म्हणाली, "काका, जन्मभर जाळी विणलीत आणि आमच्याच जाळ्याला भोक ठेवलंत?"

"ठेवलं खरं."

राजश्रीने गोल दिला. अवनी धुसफुसत जागेवर जायला निघाली, तसं बाळाने तिला थांबवलं. "जरा जाळं धर. त्या बाजूने चिमा धरेल. ताणून धरा दोघी."

त्याने खिशातून कमळाची सुई काढली. सूत घट्ट गुंडाळलेलं होतं, नेहमीसारखं. पहिली गाठ मारली आणि सुई चालू लागली. पोरी भोवती गोळा झाल्या होत्या.

"कसली भरभर चालते हो सुई!" चिमा म्हणाली.

"काकी याच्या दुप्पट चालवायची," बाळा म्हणाला. तिच्याबद्दल बोलताना, ती गेल्यापासून पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

ओळ पुरी झाली. सुईवर हातभर सूत उरलं. सामना पुढे चालू झाला आणि अर्जेंटिना दोन विरुद्ध एकने जिंकली. हरलेल्या पोरींनीच चिमाला उचललं, आणि "अकरा! अकरा!" असंच ओरडल्या.

मंगळवारी राजश्री पेपर घेऊन पडवीत आली. "काका, जर्मनी जिंकली. अख्ख्या वर्ल्डकपमध्ये एक गोल खाल्ला नाही त्यांनी."

"म्हणजे त्यांचं जाळं महिनाभर रिकामंच?"

"हो!"

"आणि त्यात आनंद?" बाळाने मान हलवली. "कमळाला हे सांगितलं असतं तर तिने तुला वेड्यात काढलं असतं."

दोघंही हसली. त्याने राजश्रीला चहा करून दिला, स्वतःही घेतला.

जाळी आता शाळेच्या मैदानावर आहेत आणि चेंडू दोन्हीकडे सारखाच अडकतो. कमळाची सुई पडवीत खुंटीला आहे, तिच्यावर ते हातभर सूत आहे. दुसऱ्या जाळ्याच्या खालच्या कडेला दोर बांधायचा अजून राहिला आहे; ते सूत त्यालाच लागेल.