लेकाची नळी

"दवाखान्यातून बोलावणं आलेला माणूस असा दोनदोनदा वाढून घेतो? जिवाची काही चाड आहे का याला?"

म्हातारी पलंगावरून कडाडली. सून मुकाट्याने वाढत राहिली. लेकाने ताटातून मान वर केली नाही.

आतड्याच्या कॅन्सरची सरकारी तपासणी सुरू झाली, तेव्हा सगळ्या गल्लीला म्हातारीनेच कामाला लावलं होतं. नर्सबाई घरोघर नळी देई. तीत शौचाचा काडीभर नमुना घालून परत करायचा. लोक नाकं मुरडत. म्हातारी खिडकीतून ओरडे, "लाज कसली? राजालासुद्धा जावंच लागतं!" तिला स्वतःला मात्र नळी नव्हती, तपासणीचं वय उलटून गेलेलं. "सरकारनं मला मोडीत काढलंय," ती सांगे, "पण पहिली नळी आमच्याच घरातून जाणार."

गेलीही. लेकाची. आणि गल्लीत तिच्यातच तेवढं रक्त निघालं.

पुढच्या तपासणीसाठी नर्सबाईचे फोनावर फोन येत होते. लेक दुकानातल्या गिऱ्हाइकांची सबब सांगे. त्याचा बाप याच दुखण्याने गेलेला. म्हातारी भिंतीकडे तोंड करून रडे.

"उद्या रिक्षा सांगितलीय. मुकाट्यानं बसायचं. नाहीतर या मोडक्या खुब्यानिशी ओढत नेईन तुला."

"आई, मला काही झालेलं नाही."

"तू कोण मोठा डॉक्टर लागून गेलास? नळी खोटं बोलते?"

त्याचा घास हातातच राहिला. नजर पलंगाशेजारच्या कमोडच्या खुर्चीकडे सरकली. म्हातारीचं हाड मोडल्यापासून तिचं भांडं रोज सकाळी तोच रिकामं करत असे.

"भीती वाटली गं," तो पुटपुटला. "बाबांसारखं निघालं तर... तू कधी साधी शिंकलीसुद्धा नाहीस. म्हटलं, नळीत तुझं घातलं तर स्वच्छच येईल."

सुनेच्या हातातला डाव थबकला.

म्हातारी खुर्चीकडे बघत राहिली. मग तिने पांघरूण सावकाश पोटावर ओढून घेतलं.

"म्हणजे फोन आला, त्याच दिवशी कळलं तुला."

त्याने ताट बाजूला सारलं.

"मी तुझ्या काळजीनं रडत होते, आणि तू उशाशी बसून माझे डोळे पुसत होतास."

"सांगणार होतो, आई. जीभच उचलत नव्हती."

"सूनबाई, रिक्षा येऊ दे उद्या. मी जाईन." मग ती लेकाकडे वळली. आवाज चढला नाही.

"तू भित्रा आहेस हे लहानपणापासून ठाऊक आहे मला. त्याचं काही नाही. पण मला मरू द्यायची वेळ आली, तेव्हा चांगलाच धीट निघालास."