शंभरातली पंच्याण्णव बाळं

वाटीत चमचा खणकला आणि दवाखान्यातली शांतता मोडली. मित्रांनो, मीही दचकलो. मी एक जुना काटा आहे, तान्ह्या बाळांचं वजन करणारा. पांढरं तबक आणि दांडीवर सरकणारं पितळी वजन. कारखान्यातून आलो तेव्हा माझा केवढा तोरा! "हा खोटं बोलायचा नाही," असं नर्सताई सगळ्यांना सांगायच्या. पुढे सेलवरचा काटा आला आणि माझी रवानगी खिडकीखाली झाली. आता त्याचे सेल संपले की माझी धूळ झटकतात.

त्या दिवशीही तसंच झालं. पावडरीच्या दुधाचा शेवटचा चमचा भरवून आईने बाळाला माझ्यावर ठेवलं. त्याने पाय झाडले. दांडी हेलकावली, मग थांबली. वजन गेल्या महिन्याएवढंच.

"पावडर वेळेवर देतेस ना गं?" नर्सताईंनी विचारलं.

आईचा चेहरा उतरला. तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. 'नव्या पावडरीने महिन्याला सरासरी ऐंशी ते दोनशे ग्रॅम जास्त वाढ. विश्वास पंच्याण्णव टक्के.'

"देते हो. शंभरातली पंच्याण्णव बाळं वाढतात, तुम्हीच म्हणालात. मग माझंच का नाही? माझ्याच हातून काहीतरी राहत असणार."

तक्त्यावरचा आकडा ज्या पाहणीतून आला, ती करणाऱ्या मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या झटकन उठल्या.

"अहो, ते पंच्याण्णव बाळांबद्दल नाहीच! अशी पाहणी शंभरदा केली, दर वेळी वेगळी बाळं घेऊन, तर दर वेळी 'इतके ते इतके' हा पट्टा थोडा वेगळा येईल. त्यातल्या पंच्याण्णवच्या आसपास पट्ट्यांत सगळ्या बाळांच्या जास्तीच्या वाढीची खरी सरासरी सापडेल. बाकीचे हुकतील."

"आणि हा तुमचा पट्टा?" आईने विचारलं.

"हा सापडलेल्यांतला की हुकलेल्यांतला, मलाही ठाऊक नाही."

"घ्या! आणि मी गावभर सांगत सुटले," नर्सताई पुटपुटल्या.

मॅडमनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. "एकेका बाळाचं यात काहीच नाही हो. तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत. याचं वजन का अडलंय, ते डॉक्टर बघतील."

आईने किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला असेल! मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल, पण आकडा जपून वाचा. तो कुणाबद्दल बोलतोय ते आधी विचारा. नाहीतर एखादी आई उगाच स्वतःला दोष देत बसते.

इतका वेळ माझी दांडी न्याहाळणाऱ्या थोरल्या लेकीने आईचा पदर ओढला.

"आई, मग आपलं बाळ किती वाढणार?"